उष्ण ‘पौर्वात्य’ सुगंधाचा त्वचेवरील उलगडा : हिना अत्तराची समीक्षा
(विशेष संदर्भ : सातारा-सांगली परिसर)

प्रस्तावना

मराठी समीक्षेने शब्द, स्वर, रंग आणि अभिनय यांचा विचार दीर्घकाळ केला आहे. गंधाचा विचार मात्र बहुधा कवितेतील प्रतिमेपुरता किंवा धार्मिक उपचारापुरता मर्यादित राहिला. सुगंध ही स्वतः एक रचना असते. तिला आरंभ, मध्य आणि शेवट असतो. तिच्या घटकांत संगती-विसंगती असते आणि तिच्या कर्त्याने काही निवड केलेली असते. या अर्थाने सुगंधाचे परीक्षण शक्य आहे, किंबहुना आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखात हिना अत्तर हा एकच सुगंध परीक्षणासाठी घेतला आहे. आंतरराष्ट्रीय सुगंधव्यवसायात ज्या वर्गाला दीर्घकाळ ‘ओरिएंटल’, म्हणजे पौर्वात्य, असे म्हटले जात होते त्या उष्ण, मसालेदार, राळयुक्त वर्गाचा हा अस्सल भारतीय नमुना होय. लेखाचे प्रतिपादन असे की, या सुगंधाला ‘पौर्वात्य’ ठरविणारी गूढता बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. सातारा-सांगलीकडील घरात त्याचे घटक मसाल्याच्या डब्यात, दिवाळीच्या उटण्यात आणि तिन्हीसांजेच्या धुपात नित्य परिचयाचे आहेत. त्यामुळे त्याच्या परीक्षणाची परिभाषा उसनी आणण्याचे कारण नाही. ती मराठीत विखुरलेली आहे आणि एकत्र करणे एवढेच काम शिल्लक आहे.

‘पौर्वात्य’ या संज्ञेची चिकित्सा

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध पाश्चात्त्य रचना म्हणजे फ्रान्समधील गेर्लाँ या सुगंधगृहाचे ‘शालिमार’. झाक गेर्लाँ यांची ही निर्मिती पॅरिस येथील १९२५ च्या सजावटी कलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात सादर झाली. तिचे नाव मुघलकालीन बागेवरून घेतलेले आहे. तिच्या आरंभी बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचा उजळ गंध येतो आणि तळाशी व्हॅनिला, टोंका बी आणि राळवर्गीय द्रव्यांचा गोड, ऊबदार थर असतो. या रचनेचे कलात्मक यश वादातीत आहे. आरंभीचा आंबट तजेला आणि नंतरचा गोड जडपणा यांतील विरोध तिने अत्यंत कौशल्याने सांभाळला आहे.

तथापि तिच्या ‘पौर्वात्यत्वा’चे मूळ शोधू गेल्यास एक विसंगती हाती लागते. तिचा प्राणभूत घटक जो व्हॅनिला, तो मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील वेलीच्या शेंगांचा गंध आहे. रचनेत त्याला बळ देणारे एथिल व्हॅनिलिन हे तर प्रयोगशाळेत तयार होणारे रसायन. म्हणजे पूर्वेचे नाव, अमेरिकेची वेल आणि युरोपातील रसायनशाळा यांच्या संयोगातून ‘पूर्वेचा गंध’ सिद्ध झाला. एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथात पूर्वेच्या कल्पित प्रतिमेविषयी जे विवेचन केले, त्याचे इतके ठसठशीत उदाहरण क्वचितच सापडेल.

सुगंधांच्या वर्गीकरणासाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या मायकेल एडवर्ड्स यांच्या कोशाने २०२१ मध्ये ‘ओरिएंटल’ ही संज्ञा मागे घेऊन तिच्या जागी ‘अंबर’ ही संज्ञा स्वीकारली. हा बदल स्वागतार्ह असला तरी त्यानेही गोंधळ पुरता मिटत नाही. पाश्चात्त्य सुगंधशास्त्रात ‘अंबर’ म्हणजे लॅब्डेनम, बेंझॉइन व व्हॅनिला यांचा कल्पित मेळ. आपल्याकडील अत्तराच्या व्यवहारात अंबर म्हणजे देवमाशाच्या पोटातून मिळणारे सुगंधी द्रव्य, आणि मराठी काव्यात अंबर म्हणजे आकाश किंवा वस्त्र. एक परकी संज्ञा जाऊन दुसरी संदिग्ध संज्ञा आली, एवढाच फरक झाला. नावांच्या या घोळातून बाहेर पडण्यासाठी प्रत्यक्ष द्रव्याकडे वळणे इष्ट ठरेल.

हिना अत्तर : घटक आणि कृती

हिना अत्तर म्हणजे मेंदीच्या फुलांचे अत्तर, असा समज सर्वत्र आढळतो. मेंदीच्या फुलांपासून निघते ते ‘गुल-ए-हिना’. नुसते ‘हिना’ म्हणून ओळखले जाणारे अत्तर ही अनेक मुळ्या, साली, बिया, मसाले व राळ यांची संयुक्त रचना आहे. ‘शमामा’ हे तिचेच जवळचे भावंड. नागरमोथा, वाळा, जटामांसी, कपूरकाचरी, दगडफूल, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, केशर ही द्रव्ये यांत प्रामुख्याने येतात. प्रमाण प्रत्येक कारखान्याचे वेगळे असून ते घराण्यापुरते राखले जाते.

या अत्तराचे प्रमुख निर्मितिस्थान उत्तर प्रदेशातील कनौज होय. तेथील पद्धती ‘देग-भपका’ या नावाने प्रसिद्ध आहे. तांब्याच्या देगीत द्रव्ये व पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. खालून मंद जाळ देतात. वाफ बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, भपक्यात उतरते. भपका पाण्याच्या हौदात थंड ठेवलेला असतो आणि त्यात आधीच चंदनाचे तेल असते. वाफ थिजून झालेले पाणी खाली बसते, गंध तेलात शिरतो. पाणी काढून टाकून तेच तेल पुन्हा नव्या देगीच्या वाफेला जोडतात. हिना-शमाम्यासाठी ही क्रिया अनेक दिवस चालते. पुढे अत्तर चामड्याच्या कुप्यांत मुरविले जाते व उरलेला ओलावा कातड्यातून निघून जातो.

या कृतीतील निर्णायक बाब म्हणजे चंदनतेल. पाश्चात्त्य पद्धतीच्या सुगंधात अल्कोहोल हे केवळ वाहन असते. ते क्षणात उडून जाते आणि रचनेत मागे काही ठेवत नाही. अत्तरात वाहन स्वतःच सुगंधी असून अखेरपर्यंत टिकते. प्रत्येक घटक चंदनात भिजूनच बाहेर येतो. त्यामुळे अत्तराची रचना पाश्चात्त्य सुगंधाच्या प्रसिद्ध ‘पिरॅमिड’मध्ये, म्हणजे शिरोभाग, मध्यभाग व पाया या तीन सुट्या पायऱ्यांत, नीट बसत नाही. येथे पाया पहिल्या क्षणापासून हजर असतो. बाकीचे गंध त्याच्यावर येतात आणि त्याच्यातच उतरतात.

त्वचेवरील उलगडा

अत्तराचे परीक्षण बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन होत नाही. कागदाच्या पट्टीवरही ते अपुरेच राहते. पट्टीला ऊब नसते. त्वचेचे पृष्ठतापमान साधारणतः ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते. तिच्यावर स्निग्धता, घाम आणि व्यक्तिगणिक बदलणारा स्वतःचा गंध असतो. हलके, लवकर उडणारे घटक आधी मुक्त होतात, जड घटक त्वचेला धरून राहतात. कोरड्या त्वचेवरून गंध लवकर ओसरतो, स्निग्ध त्वचेवर तो रेंगाळतो.

साबणाचा वास नसलेल्या स्वच्छ मनगटावर हिन्याचा एक फाया टेकवला असता पहिली दहा-पंधरा मिनिटे जो गंध येतो तो प्रथम भेटीत सुखद वाटेलच असे नाही. लवंग, वेलदोडा आणि कापरासारखी तीक्ष्णता एकदम अंगावर येते. काष्ठौषधींच्या दुकानात शिरल्याचा भास होतो. अनेकांना येथेच काढा किंवा चूर्ण आठवते आणि ते अत्तर बाजूला ठेवतात. या अवस्थेला मराठीत ‘भपका’ हा शब्द योग्य आहे. अत्तर गाळण्याच्या पात्राचे नाव आणि वासाचा अकस्मात झोत या दोहोंसाठी एकच शब्द असावा, हा योगायोग सूचक आहे. ‘भपका’ या शब्दाला मराठीत दिखाऊपणाचीही छटा आहे आणि समीक्षकाने ती विसरू नये. केवळ भपक्यावर मत बनविणे म्हणजे नाटकाच्या पडद्यावरून नाटकाचा निर्णय देणे होय.

त्यानंतरच्या दोन-तीन तासांत तीक्ष्णता बसते. जायफळ, जायपत्री व केशर पुढे येतात, आणि कपूरकाचरीचा मातकट गोडवा त्यांना मिळतो. दगडफुलाचा ओलसर, खडकावरच्या शेवाळासारखा गंध या उष्णतेला खाली धरतो. दगडफूल हे वस्तुतः फूल नसून खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारे शैवाक आहे, आणि या अत्तरातील त्याचे कार्य विशेष लक्षणीय आहे. त्याच्या अभावी मसाल्यांचा गोडवा मिठाईसारखा झाला असता. हिन्याची उष्णता शालिमारच्या उष्णतेहून निराळी ठरते ती येथे. शालिमारची ऊब व्हॅनिल्यामुळे गोड, मऊ व आमंत्रक आहे. हिन्याची ऊब कोरडी, काहीशी कडवट आणि आत्मनिष्ठ आहे.

चार-पाच तासांनंतर वाळा, नागरमोथा, जटामांसी आणि चंदन यांचेच राज्य उरते. या द्रव्यांतील सेस्क्विटर्पीन वर्गाचे रेणू जड व मंदगतीने उडणारे असल्याने ते शेवटी मागे राहतात. गंध आता हवेत पसरत नाही. तो त्वचेच्या अगदी जवळ, ओल्या मातीसारखा आणि उगाळलेल्या खोडासारखा जाणवतो. मसाला सरलेला असतो, पण त्याची धग चंदनात उतरलेली असते. दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या बाहीत सापडतो तो हाच गंध. हिन्याचे श्रेष्ठत्व या तिसऱ्या अवस्थेत आहे.

रचनेतील उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. हिन्यात शालिमारसारखा स्पष्ट विरोध नाही, त्यामुळे अपरिचित घ्राणेंद्रियाला मधली अवस्था गढूळ वाटू शकते. दुसरे असे की, हे अत्तर ऋतूचे बंधन मानते. साताऱ्यातील डिसेंबरच्या थंडीत ते सावकाश, क्रमाने उलगडते. सांगलीच्या मे महिन्यातील दुपारी तापलेल्या, घामेजल्या त्वचेवर त्याच्या अवस्था एकमेकींत मिसळून ते उग्र होते. अत्तराच्या व्यवहारात हिना, शमामा, केशर ही ‘गरम’ तर वाळा, गुलाब, मोगरा, केवडा ही ‘थंड’ अत्तरे मानली जातात. या विभागणीमागे अनुभवाचा पक्का आधार आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही विलेपनाचा विचार ऋतुमानाशी जोडलेला आढळतो.

मराठी गंधसंज्ञा

वरील तीन अवस्थांचे वर्णन करण्यास मराठी शब्दसंपत्ती कितपत समर्थ आहे? फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठीला सुगंधांमधील कस्तुरीची उपमा दिली. ज्या भाषेला ही उपमा मिळाली तिला गंधाविषयी बोलता येऊ नये, हे संभवत नाही.

‘परिमळ’ हा शब्द आज सुगंध या सर्वसाधारण अर्थाने वापरला जातो. अमरकोशात मात्र त्याला नेमका अर्थ आहे : मर्दनातून उत्पन्न होणारा मनोहर गंध. हाच गंध दूरवर पसरू लागला की त्याला ‘आमोद’ म्हटले आहे. आधुनिक सुगंधसमीक्षेत त्वचेलगतचा गंध आणि चालणाऱ्याच्या मागे हवेत रेंगाळणारा गंध असा भेद केला जातो. तो भेद या दोन शब्दांत पूर्वीच झालेला आहे. बोली मराठीत ‘दरवळ’ हा आमोदाच्या जवळचा, ‘घमघमाट’ त्याहून दाट, ‘भपका’ अकस्मात, ‘उग्र’ मर्यादा ओलांडणारा आणि ‘खमंग’ भाजल्या-तळल्या पदार्थाच्या उष्णतेशी निगडित. या शब्दांना क्रम व मर्यादा दिल्यास समीक्षेची परिभाषा उभी राहू शकते. हिन्याविषयी या परिभाषेत असे म्हणता येईल की, ते भपक्याने आरंभते, दरवळाने स्थिरावते आणि परिमळात पूर्ण होते.

अशी तांत्रिक भाषा मराठीत पूर्वी होती, याला ग्रंथीय पुरावा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे (१८९१-१९६१) यांनी गंगाधरकृत ‘गंधसार’ आणि अज्ञातकर्तृक ‘गंधवाद’ हे सुगंधशास्त्रावरील दोन ग्रंथ अभ्यासकांच्या निदर्शनास आणले. यांपैकी ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. १९८९ मध्ये वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने रा. तु. व्यास यांच्या संपादनाखाली हे ग्रंथ प्रकाशित केले. ‘गंधसारा’त सुगंधनिर्मितीच्या भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. द्रवात भिजवणे, शिजवणे, मंद गंध जागा करणे, त्याला तीव्र करणे, धुरी देणे आणि फुलांच्या संगतीत गंध मुरवणे, असा त्यांचा स्थूल अर्थ होतो. संस्कृतातील शास्त्र मराठीत समजावून घेण्याची गरज कोणाला तरी वाटली, म्हणजे ते वाचणारे आणि हातांनी करणारे मराठी भाषक होते. आजच्या मराठी अध्यापनात या टीकेला अद्याप स्थान मिळालेले नाही.

सातारा-सांगलीचा गंधसंदर्भ

हिना कनौजचे असले तरी सातारा-सांगलीच्या नाकाला त्याचे घटक परके नाहीत. या पट्ट्यातील कांदा-लसूण मसाल्यात दगडफूल, जायपत्री, लवंग, मसाला वेलदोडा ही द्रव्ये भाजून कुटली जातात. दिवाळीच्या उटण्यात चंदन, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद एकत्र येतात. संध्याकाळी निखाऱ्यावर ऊद टाकला जातो. मराठी घरात ऊद म्हणजे धुपासाठी जाळायची सुगंधी राळ. आखाती देशांच्या सुगंधांतून अलीकडे बाजारात आलेला ‘ऊद’ म्हणजे अगरूचे लाकूड, तो वेगळा. हिन्याची पहिली अवस्था मसाल्याच्या कांडपाची, शेवटची अवस्था अभ्यंगस्नानाची आठवण देते. वेगवेगळ्या प्रसंगी येणारे हे गंध अत्तरात एका बिंदूत एकत्र आले आहेत. पाश्चात्त्य ग्राहकाला त्यात दूरचा देश दिसतो, येथील वाचकाला त्यात स्वतःचे घर सापडते.

या परिसराच्या सार्वजनिक जीवनातही अत्तराला स्थान होते. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारी संस्कृतीत पान-सुपारी आणि अत्तर-गुलाब हा शिष्टाचाराचा भाग होता. भेट संपली हे शब्दांत न सांगता अत्तराने सूचित होत असे. सांगली जिल्ह्यातील नागठाणे येथे १८८८ मध्ये जन्मलेल्या नारायणराव राजहंस तथा बालगंधर्व यांच्या नाट्यप्रयोगांविषयीच्या आठवणींत उंची अत्तरांचा उल्लेख वारंवार येतो. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाचे ते एक अंग होते. दरबारातील व रंगभूमीवरील अत्तराचा हा उपयोग आमोदाचा, म्हणजे दूरवर पोचण्याचा होता. त्वचेवरचा परिमळ हा त्याचा खाजगी, सावकाश भाग नोंदींत उतरला नाही, कारण तो ज्याचा त्यालाच ठाऊक असतो. किंबहुना त्यालाही पुरता ठाऊक नसतो. सतत येणाऱ्या गंधाला नाक सरावते आणि तो जाणवेनासा होतो, तर शेजारच्याला तो येतच राहतो. म्हणून सुगंधाच्या परीक्षणास लावणारा आणि शेजारी असणारा अशा दोघांची साक्ष लागते.

या सावकाश उलगड्याची जाण येथे दुसऱ्या एका कलेने दिली आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मिरजेत राहिले आणि तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले. एकेका स्वरावर स्थिरावत होणारी रागाची बढत हे त्यांच्या गायकीचे वैशिष्ट्य. मिरजेचा जाणता श्रोता पहिल्या षड्जावरून रागाविषयी निर्णय देत नाही. हाच संयम हिन्याच्या परीक्षणाला लागतो. साम्य येथेच संपते. रागाची बढत गायकाच्या हाती असते, तर अत्तराची बढत त्वचा, हवा आणि वेळ यांच्या हाती. अत्तर काढणारा कारागीर फक्त आरंभ ठरवतो.

पायाचा प्रश्न

या समीक्षेला आज एक तातडीचे कारण आहे. चंदन दुर्मिळ व अतिशय महाग झाले असून निसर्गातील त्याच्या झाडांची स्थिती चिंताजनक आहे. परिणामी बाजारातील बहुसंख्य स्वस्त ‘अत्तरां’त चंदनतेलाची जागा द्रव पॅराफीन किंवा थॅलेट वर्गातील द्रावकांनी घेतली आहे. कस्तुरीचा प्रश्न वेगळा आहे. कस्तुरीमृगाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून तेथे कृत्रिम पर्याय नैतिकदृष्ट्याही योग्य ठरतो. चंदनाच्या बाबतीत मात्र लागवडीचा मार्ग उपलब्ध आहे, आणि पॅराफीनला चंदनाचा पर्याय म्हणता येणार नाही.

पाया बदलल्याने रचनेवर होणारा परिणाम वरील विश्लेषणावरून स्पष्ट होतो. लवंग-वेलदोड्याचा भपका पॅराफीनवरही तितक्याच जोराने येतो. दुकानात कुपी उघडून हुंगणाऱ्यास फरक सहसा कळत नाही. मधला दरवळही काही काळ टिकतो. नाहीसा होतो तो परिमळ, कारण मसाल्यांनी ज्यात उतरावे ते चंदनच तेथे नसते. संध्याकाळी मनगटावर ओशट, निर्जीव अवशेष उरतो. म्हणजे हिना अत्तराचे श्रेष्ठत्व जेथे आहे नेमका तोच भाग गळून पडतो, आणि खरेदीच्या वेळी कोणाच्या लक्षातही येत नाही.

निष्कर्ष

१. ‘पौर्वात्य’ ही संज्ञा द्रव्याचे वर्णन करीत नाही, पाहणाऱ्याचे स्थान सांगते. २०२१ मधील संज्ञाबदलानंतरही मराठी अभ्यासकाने स्वतःच्या संज्ञा वापरणे श्रेयस्कर होय.

२. हिना अत्तराची रचना पिरॅमिडच्या पायऱ्यांनी न समजता भपका, दरवळ आणि परिमळ या तीन अवस्थांनी अधिक नेमकी समजते. त्यांपैकी तिसरी अवस्था मूल्यनिर्णयाचा निकष ठरावी.

३. ‘गंधवादा’वरील मराठी टीका, उटणे-मसाल्यांची घरगुती नामावली आणि अत्तराच्या बाजारातील बोली यांचा एकत्रित शब्दसंग्रह महाविद्यालयीन पातळीवर मराठी, वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांना संयुक्तपणे करता येण्याजोगा आहे. कुटाईच्या हंगामात व दिवाळीच्या आठवड्यात सातारा-सांगलीतील कोणत्याही बाजारपेठेत त्याचे साहित्य उपलब्ध असते.

४. ज्या गुणाला भाषेत नाव उरत नाही त्याचा ऱ्हास तक्रारीविना होतो. परिमळ आणि घमघमाट यांतील भेद सांगता येणारा ग्राहक चंदनाविना आलेले हिना संध्याकाळी ओळखेल आणि दुसऱ्या दिवशी परत करील. अत्तर काढणाऱ्या प्रामाणिक कारागिराला आज अशाच ग्राहकाची गरज आहे, आणि असा ग्राहक घडविण्यात भाषेच्या अध्यापकाचा वाटा मोठा आहे.